पांढऱ्याचं पोट

आधी मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत.
ओल लागली तर आज पाणी नाही.
ही हेरंबची पद्धत. तो दिवसातून तीनदा
बोट खुपसतो, एवढंच.

नळाचं पाणी तो रात्रभर बादलीत उघडं ठेवतो,
क्लोरीन उडून जावं म्हणून.
बादली नेमकी मोरीच्या दारात.
सात-दहाची बस गाठताना
मी तिला रोज ठेचकाळते
आणि रोज काही बोलत नाही.
कधीकधी बोलते.

मनीप्लांटची वेल खिडकीतून निघून
पडद्याच्या दांडीवरून, मीटरच्या पेटीला वळसा घालून
दारावरच्या गणपतीपाशी पोचली आहे.
वाटेत त्याने बांधलेले दोऱ्याचे फास,
इतके सैल की वेलीला कळूही नयेत.
एका पानावर दूध सांडलेलं,
एकावर कुणी चुन्याचं बोट पुसलेलं,
एक बरोब्बर अर्धं-अर्धं,
भावकीतल्या वाटणीसारखं.

सिंहगड रस्त्याला शेवाळ्यांची नर्सरी होती तेव्हा.
म्हणाले, "ताई, पांढरा भाग काही कमवत नाही.
त्याचं पोट हिरव्यावर.
पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते पांढऱ्याचे."
स्कूटरवर पायाशी कुंडी ठेवून
दांडेकर पुलापर्यंत मी हसत आले.
सिग्नल लागला तिथे हसू थांबलं.

नऊ वर्षं झाली हेरंबने काम सोडून.
डॉक्टर त्याला एक नाव देतात, मावशी दुसरं.
सोसायटीच्या अर्जात त्याच्या 'व्यवसाय' पुढे
मी आडवी रेघ मारते.

मग समोरची 'मंदार' पाडली.
दोन वर्षं सहकारनगरची निम्मी धूळ आमच्याच घरात.
तो ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचा,
खालून तळवा धरून,
पिठ्या ढेकूण दिसला की कापसाने टिपायचा.
धूळ संपली तेव्हा तिथे अकरा मजले होते
आणि आमचं ऊन
नऊ ते साडेदहा.

वेलीने हिशेब केला असावा.
नवी पानं हिरवी येऊ लागली.
सगळी हिरवी. मोठी, तुकतुकीत, एकही ठिपका नाही.
उजेड कमी, तर बसून खाणारी तोंडं कमी.
तिला दोष कसा देणार?
मी त्या पानांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

शेवाळे फोनवर म्हणाले, "हिरवा फुटवा काढून टाका.
त्याला जोर फार. ठेवलात
तर सगळी वेल हिरवी करून सोडेल."
"पण तोच तर धट्टाकट्टा आहे."
"म्हणून तर."

कात्री स्पिरिटने पुसून
हेरंबने माझ्या हातात दिली.
कापणं त्याला जमत नाही.
शेवटचं चितकबरं पान शोधायचं,
त्याच्या जरा वर, तिरका छेद.
कट् असा आवाजसुद्धा नाही आला.
देठातून पाणी आलं, थेंबभर.

खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत
त्याने तो फुटवा उभा केला,
बाटली माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली.
"हा तू ऑफिसला ने.
तिथे नुसती ट्यूबलाइट असते ना?
याला चालेल. हा कशावरही जगतो."

बसमध्ये मांडीवर बाटली घट्ट धरून बसले.
शेजारच्या बाईंनी विचारलं, कसलं झाड?
म्हटलं, साधंच. हिरवं.
स्वारगेट येईपर्यंत मी
खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी परतले तर माझा पलंग
भिंतीला सरकवलेला,
पूर्वेच्या खिडकीत, घरातल्या एकुलत्या चांगल्या उजेडात,
कुंडी.
दोऱ्याचे सगळे फास सोडवून
वेल नव्याने खाली सोडलेली, माझ्या उशीपर्यंत.

दिवा लावायला वळले
आणि ठेचकाळले.
बादलीही आता इथेच.